लाल दोऱ्याची गोणी

शेवग्याच्या पाल्याची पावडर कडू नसते. बाजारात कोणी तुम्हाला कडू पावडर दिली आणि वर ‘औषधी आहे, कडूच असते’ असं सांगितलं, तर ती त्याच्या टेबलावर ठेवून बाहेर पडा. चांगली पावडर पालकासारखी लागते, मागून मुळ्यासारखा हलका तिखटपणा येतो आणि जातो. यंत्रं नंतर तपासतात, मी आधी जीभ लावतो. माझी जीभ आजवर चुकलेली नाही. चुकलो तो मी.

एरंडोलपासून थोडं आत, भडगावच्या रस्त्याला माझं युनिट आहे. त्याआधी बरीच वर्षं मी जळगावच्या मार्केट यार्डात शेवग्याच्या शेंगांचा व्यापार केला आणि त्याच्याही आधी सायकलच्या कॅरिअरवर शेंगांच्या जुड्या बांधून दारोदार विकल्या. मला कोणी धंदा हातात दिला नाही. भाव करायला मी पोटासाठी शिकलो. राग मात्र उपजत आहे. यार्डातले हमालसुद्धा म्हणायचे, ‘शेठची गाडी पहिल्या गिअरमध्ये सुरूच होत नाही, एकदम चौथा.’ मला ते ऐकून बरं वाटायचं.

या धंद्यात गिऱ्हाइकं एकेक भेटतात. पुण्याच्या एका बाईंनी फोनवर विचारलं, ‘शेवग्याचा वास नसलेली पावडर मिळेल का?’ मी म्हणालो, ‘मिळेल ना, रिकामं पाकीट पाठवतो.’ धुळ्याचा एक व्यायामशाळावाला म्हणाला, रंग पांढरा पाहिजे, पोरांना हिरवं पाहिलं की गुरांचं वाटतं. रावेरचे एक केळीवाले पाटील पाकीट हातात घेऊन बराच वेळ बघत बसले आणि शेवटी म्हणाले, ‘एवढं भारी आहे तर केळीच्या बुडाशी टाकलं तर घड वाढेल का?’ मी त्यांना ताकात टाकून प्यायला सांगितलं. ते म्हणाले, ‘मला काय झालंय?’

पण ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो, ते गिऱ्हाइकांचं नाही. ते सुकदेव आबांचं आहे.

आधी धंदा सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. शेवगा म्हटलं की आपल्याकडे शेंग. शेतकरी झाड वाढवतो, फुलाची वाट बघतो. पाल्याचा धंदा उलटा. झाड कंबरेइतकं छाटायचं, फुटवे आले की पुन्हा छाटायचं, झाडाला झाड होऊ द्यायचंच नाही. पाला त्याच दिवशी धुवायचा, काड्या काढायच्या आणि सावलीत जाळ्यांवर पसरायचा. ऊन लागलं की तो पिवळा पडतो आणि पिवळ्याला कोणी विचारत नाही. दहा किलो ओला पाला आणला की जेमतेम किलोभर वाळका हाती लागतो. तो गोण्यांत भरून कोरड्या खोलीत ठेवायचा आणि मागणी आली की दळायचा. दळलेल्या पावडरीपेक्षा अख्खा वाळका पाला जास्त टिकतो.

आमच्या भागात मुरमाड जमिनी पुष्कळ. तिथे कापूस लावून लोक दरवर्षी फवारणीवरच घाम गाळतात. अशी चौदा घरं मी गोळा केली. दोन-तीन एकरवाली माणसं. त्यांत पहिलं घर सुकदेव आबांचं. वय सत्तरीच्या पुढे, अंगात बंडी, डोक्यावर टोपी, आवाज कधी चढत नाही. छाटणीचं सांगितल्यावर त्यांनी मला खालून वर पाहिलं.

‘भाऊ, तू व्यापारी का न्हावी?’

‘आबा, पाल्याला भाव आहे.’

‘शे ना. पन झाड कापी टाकं ते शेंगा काय आभायमाईन येतीन?’

मी तासभर भाव केला. त्यांनी एकच गोष्ट धरून ठेवली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या खानदेशात लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. आबा म्हणाले, ‘पोरी आखाजीले येतीन. त्यासना हातमा शेंगा नई दिन्यात, ते मी कसाना बाप?’ शेवटी ठरलं, प्रत्येक शेतात दोन झाडं न छाटता सोडायची. त्यांनी फक्त स्वतःच्या शेतासाठी मागितलं असतं तर मी हसून दिलं असतं. त्यांनी पुढे येणाऱ्या सगळ्याच घरांसाठी घेतलं. त्या सौद्यात मी हरलो आणि तेव्हाच मनात म्हटलं, हा माणूस आपल्या बाजूला पाहिजे.

मग त्यांच्यामुळे बाकीचे आले. कोणाचा पाला कोणता हे कळावं म्हणून मी गोणी शिवायला प्रत्येक घराला वेगळ्या रंगाचा दोरा दिला. चिठ्ठ्या गळतात, शाई पुसते, दोरा राहतो. आबांचा लाल. बाकीच्या घरांतल्या बायांबरोबर त्यांची सून वंदना युनिटवर काड्या काढायला यायची. पाला आणायला आबा नेहमी सगळ्यांच्या आधी, त्यामुळे लाल दोऱ्याच्या गोण्या खोलीत सगळ्यांत मागे, भिंतीला लागून असायच्या.

सुरतच्या एका व्यापाऱ्याशी माझं बोलणं चालू होतं. त्यांना मी भाई म्हणतो. कॅप्सूल भरणाऱ्या कारखान्यांना ते माल देतात. दोन वर्षं नमुने मागवून मागवून त्यांनी माझा जीव खाल्ला आणि शेवटी एकदाचा मोठा माल मागितला. हा माल पास झाला तर दरवर्षीची मागणी पक्की होती. चौदा घरांनी त्या भरवशावर कापूस कमी करून शेवगा वाढवला होता.

त्या वेळी घाईत जीभ न लावताच दळलेला माल गेला आणि परत आला. भाईंचा फोन आला तेव्हा मी युनिटच्या अंगणातच उभा होतो.

‘शेठ, आपने नीम मिलाया है.’

मला वाटलं गंमत करतात. मी हसलोसुद्धा. ते हसले नाहीत. तपासणीत दुसऱ्या झाडाचं पान निघालं होतं आणि पावडर तोंडात धरवत नव्हती. म्हणाले, ‘जिसने किया उसको निकालो, नया माल भेजो. नहीं तो मैं आगे नहीं चल सकता.’

दळण्याआधी प्रत्येक गोणीतला मूठभर पाला मी बाटलीत काढून ठेवतो. त्या सगळ्या बाटल्या टेबलावर मांडल्या आणि एकेक चाखत गेलो. ठीक, ठीक, ठीक. मग लाल दोऱ्याची बाटली आली. मी खिडकीतून थुंकलो. पाणी प्यायलो, पुन्हा चाखली. पुन्हा कडू जहर. लाल दोऱ्याच्या सगळ्याच बाटल्या तशा.

मला धक्का बसला, हे सांगायला नको. दुसऱ्या कोणाचं नाव निघालं असतं तर आधी शिव्या आल्या असत्या. आबांचं निघालं म्हणून मी खुर्चीत बसून राहिलो. मग आठवलं, त्यांच्या बांधावर कडुनिंबाचं मोठं झाड आहे. वाळवून चुरला की निंब आणि शेवगा नजरेला ओळखू येत नाही. फुकटचा पाला, वजनाला बरा. एकदा हिशोब असा जुळला की मला दुसरं काही दिसेना. आणि राग चौथ्या गिअरमध्ये गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौदाही घरांची माणसं अंगणात बोलावली. माझी बायको कमल चहा देत होती. मी बाटली आबांच्या हातात दिली.

‘ही कोणाच्या गोणीची?’

‘लाल दोरा शे. मन्हीच.’

‘यातलं पान जिभेवर ठेवा.’

त्यांनी ठेवलं. तोंड वाकडं केलं नाही. ‘कडू शे,’ म्हणाले.

‘का कडू आहे?’

त्यांनी बाटलीला झाकण लावलं.

‘तुमच्या बांधावर निंब आहे की नाही?’

‘शे.’

‘मग?’

त्यांनी एकदा घराच्या दाराकडे पाहिलं. मला वाटलं, नजर चुकवतात. मग टोपी नीट करत म्हणाले, ‘मंग तुम्ही म्हनतस ते.’

त्यानंतर मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. माझ्या निम्म्या वयाच्या माणसालाही बोलू नये असं बोललो. चोर हा शब्द त्यात होता. शेवटी म्हणालो, ‘आजपासून लाल दोरा बंद.’ तेरा घरांतून कोणी ब्र काढला नाही. आबा उठले आणि शेडकडे तोंड करून म्हणाले, ‘चाल वं, वंदना.’ ती हातातला पाला खाली ठेवून, हात पदराला पुसत त्यांच्या मागे गेली.

नवा माल पास झाला. भाई खूश. मी खूश. आबांनी आपलं शेवग्याचं रान मुळासकट उपटून टाकल्याचं कळलं. मी म्हटलं, चोराच्या मनात राग असतोच.

त्याहून वाईट पुढे आहे. मला मेळाव्यांत बोलायला बोलवायला लागले. धुळ्याला बोललो, रावेरला बोललो. प्रत्येक ठिकाणी हीच गोष्ट सांगितली. नाव घेत नव्हतो, ‘आमच्याकडचा एक म्हातारा’ म्हणायचो. एका माणसाने मूठभर निंब टाकला आणि चौदा घरं बुडता बुडता वाचली. लोक माना डोलवायचे. रावेरला तर टाळ्या वाजल्या.

या उन्हाळ्यात, आखाजीच्या आधीचे दिवस. दुपारी मी शेडमध्ये गेलो. कल्पना नावाची एक नवीन बाई कामाला लागली होती. तोंडाने मोकळी, हाताला चपळ. ती कोरड्या खोलीत गोणीचं तोंड उघडून बसली होती. शेजारी टोपलं. टोपल्यात वाळका कडुनिंब.

मी किंचाळलो. दुसरा शब्द नाही. तिच्या हातातून टोपलं ओढलं, ते उलटं झालं.

‘कोणी सांगितलं तुला हे? कोणी शिकवलं?’

ती घाबरली नाही, चिडली. ‘शेठ, वराडता कशाले? किडे लागू नयेत म्हणून टाकते. दोन सालापूर्वी वहिनींनीच टाकलं होतं म्हणे, भिंतीकडच्या गोण्यांत. या बायाच सांगत होत्या.’

मी मागे वळलो. जाळ्यांपाशी दहा-अकरा बाया उभ्या. सगळ्या एकदम पाला निवडायला लागल्या. निवडलेलाच पाला पुन्हा निवडत होत्या. एकीनेही वर पाहिलं नाही.

आमच्याकडे वर्षाचा गहू भरतात तो असा. गहू उन्हात तापवतात, कोठीत ओततात आणि थराथरात वाळका निंब घालतात. माझी आई घालायची, कमल घालते, खानदेशात कुठल्याही घरात जा, हेच दिसेल. गहू दळायला काढला की सुपात निंब वेगळा होतो. माझं युनिट घराला लागून आहे आणि त्या वर्षी आमच्या गव्हाची कोठी त्याच कोरड्या खोलीत, मागच्या भिंतीला ठेवली होती. मीच ठेवायला लावली होती.

मी घरात गेलो. कमल ताटात गहूच निवडत होती. माझ्याकडे पाहिलं आणि हात थांबवला.

‘तू टाकला होतास?’ मी विचारलं.

‘हो.’

इतकं सरळ उत्तर येईल असं मला वाटलं नव्हतं. मी ओरडायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं.

ती सांगत गेली. कोठीतले किडे लाल दोऱ्याच्या गोण्यांवर चढलेले तिने पाहिले. त्याच्या आदल्याच आठवड्यात मी शेडमध्ये ओरडलो होतो, एक किडा दिसला तर सगळ्यांना घरी पाठवीन. म्हणून तिने त्या गोण्या उघडल्या, गव्हाला घालतो तसा निंब घातला आणि तोंडं पुन्हा लाल दोऱ्याने शिवली. सगळ्या बायांसमोर घातला, लपवलं नाही. त्यात लपवण्यासारखं काही आहे हेच कोणाला माहीत नव्हतं. दळायच्या वेळी तो निवडून काढायचा, एवढं तिच्या डोक्यात होतं. मी तो परस्पर दळायला नेला.

‘आबा तेव्हा ओला पाला घेऊन आले होते,’ ती म्हणाली. ‘त्यांनी पाहिलं. मला म्हणाले, चांगलं करस माय, किडा नई लागाव.’

म्हणजे त्या सकाळी बाटलीतलं पान जिभेवर ठेवल्याबरोबर त्यांना सगळं कळलं होतं. दाराकडे पाहिलं ते नजर चुकवायला नाही. दारात चहाचा ट्रे घेऊन कमल उभी होती.

‘तू का बोलली नाहीस?’

‘तुम्ही बोलू दिलं का?’ ती म्हणाली. मग ताट बाजूला सारून, ‘दुसऱ्या दिवशी गेले होते मी त्यांच्या घरी. म्हटलं, मी सांगते यांना. आबा म्हणाले, माय, तू काही बोलू नको. त्याना राग तुले माहीत शे. बठ्ठा गावसमोर तुले बोली. मन्हं काय, मी म्हातारा मानूस.’

‘आणि तू ऐकलंस.’

‘मला बरं वाटलं,’ कमल म्हणाली. ‘खोटं कशाला सांगू. सुटल्यासारखं वाटलं. मग रोज वाईट वाटलं. पण सांगायची हिंमत झाली नाही.’

तीस वर्षांच्या वर आमचा संसार झाला. मी यार्डात, बाजारात, फोनवर ओरडतो ते धंद्याचं, घरी त्याचं काही नाही, असं मी धरून चाललो होतो. माझी बायको मला इतकी भिते की एका निर्दोष माणसाला चोर ठरू देते, हे मला त्या दुपारी कळलं. आणि एक परका म्हातारा तिला माझ्यापासून वाचवतो. माझ्यापासून! मी तिच्या अंगाला कधी बोट लावलेलं नाही. हे मी तिला म्हणालोसुद्धा. ती म्हणाली, ‘बोट लावायची गरज कुठे पडली?’

संध्याकाळच्या आत मी आबांच्या शेतावर गेलो. जाताना मनात सौदा तयार होता, सवयच ती. पाल्याला वरचा भाव, नवी रोपं माझ्याकडून, वंदनाला परत काम. आबा मक्याला पाणी देत होते. मी तिथेच चिखलात उभा राहून सगळं सांगितलं. मला कळलं आहे म्हटल्यावर त्यांनी पहिल्यांदा विचारलं ते हे: ‘तिले काही बोलना का तू?’

‘नाही.’

‘खरं?’

‘खरं, आबा.’

मग त्यांनी माझा सौदा ऐकून घेतला. मुद्दा मुद्दा ऐकला. ऐकून झाल्यावर म्हणाले, ‘माले काही नको. ज्यासनासमोर चोर म्हना, त्यासनासमोर नई म्हन. आनि माय नं नाव काढू नको.’

कमलला मी हे सांगितलं. ती म्हणाली, नाव घ्या, नाहीतर मी स्वतः घेईन. भाव करायला जागाच नव्हती.

पुन्हा त्याच अंगणात चौदा घरं बोलावली. आबा आले, वंदना आली. मी दोन दिवस वाक्यं जुळवली होती. बोलताना ती आठवली नाहीत. एवढंच म्हणालो की आबांच्या गोणीत निंब आबांनी टाकला नव्हता, तो माझ्या घरून, माझ्या खोलीत पडला, किडे लागू नयेत म्हणून, आणि मी न विचारता, न तपासता त्यांना चोर म्हणालो. कमल म्हणाली, ‘मी टाकला.’ मी आबांच्या पाया पडलो. माझ्या वडिलांच्या नंतर मी कोणाच्या पाया पडलो नव्हतो.

वर पाहिलं तर कोणीच दचकलेलं नव्हतं.

मला वाटलं होतं, गलका होईल. कोणी आबांचा हात धरेल, कोणी मला बोलेल, बोलायलाच पाहिजे. तसं काही झालं नाही. बायांनी दोन वर्षांपूर्वी, त्याच आठवड्यात आपापल्या घरी सांगितलं होतं. तेराही घरांना पहिल्यापासून माहीत होतं.

‘मग मला का कोणी सांगितलं नाही?’ माझा आवाज चढला. तेवढ्यातसुद्धा चढला. ‘एवढे दिवस तुम्ही माझ्याकडे पाला आणता, माझ्यासमोर बसून चहा पिता!’

पंडित नाना म्हणून आमच्यातले एक शेतकरी आहेत, फार बोलत नाहीत. ते चप्पल पायात सरकवत म्हणाले, ‘शेठ, आम्हाले वाटनं तुम्हाले माहीत शे.’

‘काय माहीत आहे?’

‘की वहिनीनं टाकं. घरनं मानूस वाचाडाले तुम्ही आबाले बयी दिधा, असं वाटनं. मंग तुम्हाले सांगीसन काय करतंत?’

घरची बाई वाचवायला मी जाणूनबुजून म्हाताऱ्याचा बळी दिला, असं ही माणसं दोन वर्षं धरून चालली होती. असा माणूस समजून ती माझ्या दारात येत होती, गोण्या उतरवत होती. दोन वर्षांत कोणी माझ्याशी भावावरून भांडलं नव्हतं. मी सांगेन तो भाव घ्यायचे आणि जायचे. मी त्याला विश्वास समजत होतो. कमलला अभिमानाने सांगितलंही होतं, बघ, आता माझा शब्द चालतो.

माझी तक्रार आहे आणि ती मी इथे लिहितो. मी रागीट आहे. भावात मी कोणाला सोडत नाही. पण ठरवून कोणाच्या नावावर चोरी टाकणारा माणूस मी नाही. चौदा घरांपैकी एकाला तरी हे ओळखू यायला पाहिजे होतं. एकाने तरी येऊन माझ्या तोंडावर विचारायला पाहिजे होतं. हे मी आबांनाही बोललो, नंतर, बांधावर.

ते म्हणाले, ‘इचारतूत. पन तू ऐकी लेता का?’

वंदना कामावर परत आलेली नाही. तिने आपल्या रानात पुन्हा शेवगा लावला आहे, ओळीने, दोन झाडांच्या मधे नीट अंतर सोडून. पाला भडगावच्या दुसऱ्या एका युनिटला देणार आहे, असं ऐकतो. मी भाव विचारायला गेलो होतो. तिने बसायला पाट दिला, पाणी दिलं आणि म्हणाली, ‘शेठ, आमचं ठरलंय.’

मी पाणी प्यायलो आणि उठलो.